चावीकाकांची आठ अंडी

मी काढते त्या आमच्या वस्तीच्या सहामाही पत्रकाच्या मागच्या अंकात पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘वीज कार्यालयाच्या बेफिकिरीने सहा पिल्लांचा बळी’. ती पिल्लं वीज कार्यालयाने मारली नव्हती. कुणी मारली ते सांगतेच. पण आधी ती कुणाची होती ते सांगायला हवं, कारण त्या अंकात त्या माणसाला मी ‘एक गरीब वृद्ध’ एवढ्यात गुंडाळलं होतं. तेही त्याला न विचारता.

चावीकाका गरीब नाहीत. बसथांब्याला चिकटून त्यांची टपरी आहे. एक पत्र्याची पेटी, चावी आवळून धरायचा एक व्हाइस, सात-आठ कानशी, तारेवर ओवलेल्या कोऱ्या चाव्या. वय अडुसष्ट. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माणसं धापा टाकत येतात, “काका, चला लवकर, दार ओढलं गेलं, आत गॅसवर दूध आहे!” काका चपला शोधत म्हणतात, “दूध गेलंच आता. दार तरी वाचवू.” मग कुलपाला कान लावतात, डोळे मिटतात, तार आत घालतात आणि वाट बघतात. मालक मागे येरझाऱ्या घालतोय, बायको त्याच्यावर ओरडतेय, काकांना पत्ता नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एकही कुलूप फोडलेलं नाही, आणि एवढी एकच फुशारकी ते मारतात.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. सातवीनंतर शाळा सुटली. कायदा शिकले तो सरकारी खिडक्यांपुढे उभी राहून. पाणी, गटार, रेशन, वीज, जिथे अडलं तिथे माणसं मला हाक मारतात आणि मी जाते. अडलेलं मला बघवत नाही. याचा मला फार अभिमान होता.

काकांचा दुसरा जीव म्हणजे कोंबड्या. इमारतीच्या मागे जाळीच्या खुराड्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे कोळशासारखे काळे, चोच नि तुरासुद्धा काळपट. पहिली जोडी काकूंनी आणली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, कोंबड्यांचा वंश मात्र चालत राहिला. मग एका पहाटे भटक्या कुत्र्याने जाळी उचकटली आणि सहाही जनावरं मारून टाकली. घरात टोपलीत त्या आठवड्यातली अकरा अंडी शिल्लक होती. त्या जातीचं आता जगात जे काही होतं ते तेवढंच, निदान काकांच्या जगात.

उबवायला कोंबडी नाही, म्हणून काकांनी पेटी केली. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला. त्यात दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि वाफेसाठी पाण्याची वाटी. झाकणाला भोक पाडून फोटोच्या फ्रेमची काच बसवली, आत डोकावायला. अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून तीनदा फुलीचं गोळा, गोळ्याचं फुली. सातव्या दिवशी मला खाली बोलावून खोलीत अंधार केला आणि अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल रेषांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका थरथरत होता.

“अगं, बघ तरी,” काका म्हणाले. “काळीज आहे ते.”

अकरांपैकी आठ अंडी जिवंत निघाली.

अठराव्या दिवशी काकांनी अंडी फिरवणं बंद केलं, वाटी काठोकाठ भरली, झाकण लावलं. विसाव्या दिवशी सकाळी मुलीच्या घरून फोन आला. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ताबडतोब करायचं होतं. काका पिशवी भरून माझ्या दाराशी आले.

“ताई, परवा सकाळी येतो. तुला काही करायचं नाही. फक्त झाकण उघडायचं नाही.”

“बरं.”

“पिल्लू टोच मारतं नि थांबतं. तासन्‌तास थांबतं, मेलं की काय असं वाटतं. तेव्हा ते आतलं रक्त ओढून घेत असतं, पिवळा बलक पोटात घेत असतं. ऐकतेस ना?”

माझ्या कानाला मोबाइल होता. पलीकडे पाणीखात्याचा कारकून होता आणि मी त्याला झापत होते. मी काकांकडे बघून मान हलवली. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओलं, काळं, धडपडणारं. मी काचेला नाक लावून टाळ्या पिटल्या. आणखी चार अंड्यांना चिरा होत्या. त्यातल्या एकाला तर बोटाच्या पेराएवढं भोक होतं आणि त्यातून चोच दिसत होती. ते ओरडत होतं. मी पत्रकाच्या ऑफिसात जाऊन आले, तेच भोक. जेवले, पुन्हा खाली आले, तेच भोक. आता ओरडणंही थांबलं होतं. चोच उघडायची, मिटायची, बस.

दुपारी तीनला मी झाकण काढलं.

स्वतःला काय सांगितलं तेही लिहिते. काका म्हातारे आहेत, घाबरट आहेत, जिवाला हात द्यायचा सोडून वाट बघत बसणं हा काही धर्म नव्हे. नखाने टरफल सोलायला लागले. बटाट्याची साल निघावी तसं निघालं. खालचा पडदा फाडला आणि माझ्या अंगठ्यावर रक्त आलं. थेंब नाही, धार. पिल्लाच्या पोटाखाली पिवळी पिशवी लोंबत होती, अजून आत गेलेलीच नव्हती. मला कुणीतरी हे सांगितलं होतं, कालच. पिल्लू माझ्या तळहातावर दोनदा ताठ झालं आणि सैल पडलं.

मी ते परत टरफलात कोंबलं, तुकडे वर लावले आणि अंडं कोपऱ्यात ठेवलं. कशासाठी? ते आपोआप मेलं असं वाटावं म्हणून. एवढी अक्कल मात्र त्या घाईतही बरोबर सुचली.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी पाचसहा वेळा तरी झाकण उघडलं. दुसऱ्यांना काही झालं नाही ना, म्हणून. प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ भसकन तोंडावर यायची. ओल गेली की आतला पडदा कातड्यासारखा सुकतो आणि पिल्लाला आवळून टाकतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे एक मी हाताने मारलं आणि बाकीची काळजीने.

काका बाविसाव्या दिवशी आले. मुलगी बरी होती. त्यांनी चपला काढायच्या आधी काचेतून बघितलं. एक पिल्लू बाहेर, बाकी सगळं गप्प.

“लाइट गेली होती काका,” माझ्या तोंडून निघालं. “काल दुपारी. चार तास.”

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. पण आमच्या भागात लाइट जातेच, जिभेवर ते वाक्य तयारच असतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या त्या अंड्याकडे. एकेक अंडं कानाला लावत गेले, कुलपाला लावतात तसं. सातवं अंडं कानाशी धरून थांबले.

“हे आहे. टॉर्च धर.”

मग मी जे बघितलं ते मला आदल्या दिवशी बघायला मिळायला हवं होतं. काकांनी कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून चिरेभोवती टेकवला. कुलपाच्या स्प्रिंगा काढायच्या चिमट्याने तांदळाएवढा टवका उचलला आणि थांबले. पडदा ओला केला. एक बारीक लाल रेघ दिसली तर हात लगेच मागे घेतला, अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि चहा टाकला.

“काका, काढा ना आता!”

“रेघ लाल आहे. ती आत गेली की काढू.”

तासाने पुन्हा एक टवका. पुन्हा थांबले. माझा टॉर्चचा हात भरून आला, त्यांचा चिमट्याचा नाही. पिल्लाशी मात्र बडबड चालू होती, “चल महाराज, सवडीनं येऊ दे, आपल्याला कुठं ऑफिस गाठायचंय?” सूर्य मावळता मावळता पडदा पांढरा पडला, काकांनी टोपी काढावी तसं टरफलाचं बूड काढलं आणि बाकीचं ढकलायचं काम त्यालाच करू दिलं. पाय फाकलेले होते. काकांनी चिकटपट्टीची आडवी बेडी दोन्ही पायांना लावली, आठवड्याभरात सरळ होतील म्हणून.

आठांतली दोन. इथं तरी मी बोलायला हवं होतं.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी तीस माणसं गोळा केली. खोटं एकदा बोलून झालं की ते खरं करायची घाई होते, निदान मला झाली. शिवाय लाइटीचा राग सगळ्यांनाच होता, आणि काकांची मेलेली पिल्लं म्हणजे आयताच मुद्दा. काका नको म्हणत होते. “तुम्ही फक्त उभे राहा, बोलते मी,” असं म्हणून मी त्यांना दंडाला धरून वीज कार्यालयात नेलं.

साहेबाच्या टेबलावर लेखी तक्रार आपटली. त्या दिवशी आमच्या लाइनवर ज्या वायरमनची ड्युटी होती त्याला निलंबित करा, अशी मागणी. साहेबाने शांतपणे रजिस्टर उघडलं. त्या दिवशी आमच्या लाइनवर एक मिनिटही लाइट गेलेली नव्हती.

“रजिस्टर खोटं आहे!” मी ओरडले.

वायरमन दाराशीच उभा होता. पंचविशीतला पोरगा, कमरेला पकड. “ताई, मी खांबावरून उतरलोच नाही त्या दिवशी. आईशप्पथ.”

“तुमच्या शपथा ठाऊक आहेत आम्हाला!”

तेव्हा काका पुढे आले. चष्मा काढून पुसला. “साहेब, चूक माझी असेल. पेटीची जोडणी मीच केली होती. माझ्याच घरातला फ्यूज उडाला असणार.”

तीस माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, जगाची कुलपं उघडता आणि घरातला फ्यूज कळत नाही?” काकाही हसले. वायरमन त्यांच्याकडे बघत राहिला.

आणि मी? बाहेर रस्त्यावर आल्यावर मी काकांवर चढले. “अख्ख्या मोर्चाचा कचरा केलात! काय गरज होती तोंड उघडायची? माझी काय इज्जत राहिली आता?” हे सगळं मी बोलले, शब्द न्‌ शब्द आठवतो.

काका फुटपाथच्या कडेला थांबले.

“कोपऱ्यातलं अंडं आतून फोडलेलं नव्हतं, ताई. पिल्लू गोल चीर पाडत येतं, एका रेषेत. ते बाहेरून सोललेलं होतं. कुलूप चावीनं उघडलंय की पहारीनं, एवढं तर मला कळतं.”

“मग आत का नाही बोललात?”

“आत तुमच्या शब्दावर तीस माणसं आली होती. आणि त्या पोराची नोकरी जात होती. दोन्ही वाचवायला दुसरं काही सुचलं नाही.”

इतकी वर्षं मला ‘अगं’ म्हणणारा माणूस ‘तुमच्या’ म्हणाला. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तरी मी माफी मागितली नाही. पुढच्या वळणावर ‘काम आहे’ म्हणून सटकले, आणि त्याच आठवड्यात अंक आधीच छापायला गेलाय या सबबीवर तो मथळाही तसाच जाऊ दिला. अंक गेलेला नव्हता. दोन दिवस हातात होते.

तक्रार मागे घ्यायला मला सतरा दिवस लागले. साहेबाने माझा कागद मोठ्याने वाचला, ‘लाइट गेली नव्हती, मी खोटं सांगितलं’ या वाक्यासकट. वायरमन फॉर्म भरत होता. मान वर न करता म्हणाला, “ठीक आहे.” मी आणखी काही ऐकायच्या आशेने उभी राहिले. तो शिडी खांद्यावर घेऊन निघून गेला.

काकांकडे जायला आणखी महिना लागला. गेले तेव्हा ते खुराड्याच्या जाळीला तार ओवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं तेच, पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग दोन्ही पिल्लं उचलून माझ्यापुढे धरली. दीड महिन्याची झाली होती. तुरे फुटले होते.

“दोन्ही कोंबडे,” काका म्हणाले. “वंश संपला म्हणायचा.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कोंबडे खाली ठेवले आणि तार पुन्हा हातात घेतली.

आता दोघं मोठे झालेत. पहाटे चारला एक आरवतो, मग दुसरा, मग दोघं मिळून. गेल्या रविवारी इमारतीतल्या पाचसहा बायका माझ्या दारात आल्या. पुढे इस्त्रीवाली.

“ताई, झोपेचं खोबरं झालंय. त्या कोंबड्यांविरुद्ध एक कडक अर्ज लिहा. सह्या आम्ही आणतो.”

कागद समोर होता, पेन हातात होतं. मी म्हटलं, अर्ज लिहिणार नाही.

“का? तुम्ही तर मुंगीविरुद्धसुद्धा अर्ज लिहाल.”

मग मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं. झाकण, रक्त, टरफलात परत कोंबलेलं पिल्लू, खोटी लाइट. त्या तीस माणसांत यांच्यातल्या चौघी होत्या. इस्त्रीवालीने पदराने तोंड पुसलं.

“म्हणजे आम्ही त्या पोराला शिव्या घातल्या, काकांना हसलो, ते तुमच्यापायी?”

“हो.”

“मग अर्ज तुमच्याविरुद्धच द्यायला हवा.”

“द्या,” मी म्हटलं, आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिला लिहिता येत नाही. तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, “काकांकडून लिहून घेते.”