वलवणच्या लॉन्ड्रीतला युगोस्लाव्हिया

तळेगावच्या कॉलेजात मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. कम्युनिस्ट देशांची तुलना हा माझा आवडता विषय. रशियात कारखान्याने काय बनवायचं तेही मॉस्कोत ठरायचं. चीनमध्ये सगळं गाव कम्यूनच्या सामायिक भटारखान्यात जेवायचं, आणि पिकाचे फुगवलेले आकडे वर जायचे. व्हिएतनामने शेवटी जमीन घराघरांना कसायला दिली. आणि युगोस्लाव्हियात कामगार स्वतःचं मंडळ निवडून कारखाना चालवायचे. हा भाग आला की माझा आवाज आपोआप चढायचा.

निवृत्त होऊन लोणावळ्यात राहायला आलो, त्याच सुमारास इथल्या एका रिसॉर्टने साफसफाईच्या सगळ्या लोकांना एकदम घरी बसवलं. त्यांचा पुढारी माझाच जुना विद्यार्थी होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुण्याची सहकारी लॉन्ड्री काढायची, असं त्यांनी ठरवलं. वलवणला शेडही मिळाली. भाऊ घरी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात सांगितलेला युगोस्लाव्हिया आपण इथं करून दाखवू."

मी हरखून गेलो. नियम मीच लिहिले. प्रत्येकाला एक मत, दरवर्षी निवडणूक, बॉयलरपाशी आणि इस्त्रीला सगळ्यांनी आळीपाळीने काम करायचं. पहिल्या सभेत मी युगोस्लाव्हियाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांच्यातली औंढे गावची एक पन्नाशीची मावशी उठून म्हणाली, "म्हंजी आमीच मालक? खरं सांगताय न्हवं?" मी म्हणालो, "खरं."

पहिलं वर्ष खरोखरच तसं गेलं. दुसऱ्या वर्षी निवडणूक झाली नाही. सीझन चालू आहे, नंतर बघू, असं भाऊ म्हणाला. तिसऱ्या वर्षी तर कुणी विषयच काढला नाही. टेम्पोवर भाऊचा मेहुणा आला. भाऊची माणसं काउंटरवर बसू लागली आणि बाकीचे कायमचे बॉयलरपाशी, ओल्या फरशीवर. मला हे सगळं दिसत होतं. मी त्याला 'संक्रमणकाळ' म्हणत होतो. माझ्याकडे शब्दांचा कधीच तुटवडा नव्हता.

अखेर मावशीच भर सभेत उभी राहिली. "भाऊ, मतं कवा घ्यायची? नियमात लिवलंय न्हवं?"

भाऊने आवाज जराही चढवला नाही. मावशी बाहेरच्या ठेकेदाराला सामील आहे, तिला काढायला हवं, एवढंच तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सर, ठराव तेवढा लिहून द्या. तुमची भाषा चांगली."

आरोप खोटा आहे हे मला माहीत होतं. प्रश्न विचारणाऱ्याला आधी शत्रू ठरवतात आणि मग बाहेर काढतात, हे मी उदाहरणांसकट शिकवत आलो होतो. तरी मी पेन काढलं. 'संस्थेच्या हिताविरुद्ध कारवाया' असं वळणदार अक्षरात लिहिलं. एकमेकांकडे बघत लोकांनी हात वर केले. मी सभासदही नव्हतो, तरी माझाही हात वर गेला.

मावशीने अॅप्रन काढून टेबलावर ठेवला. "सर, असं कुटल्या देशात लिवत्यात?"

मी कागदाची घडी घालत राहिलो.

पुढच्याच वर्षी भाऊने लॉन्ड्री पुण्याच्या एका ठेकेदाराच्या हवाली केली आणि स्वतः तिथला मॅनेजर झाला. हात वर करणारे आता तिथेच रोजंदारीवर आहेत.

गेल्या महिन्यात कार्ल्याला हायवेच्या कडेला मावशी दिसली. मक्याची कणसं भाजत होती. तिने मला ओळखलं आणि बसायला स्टूल दिलं. माझी चूक झाली, असं मी कसंबसं म्हणालो.

"भाऊचं मला कायबी वाटलं न्हाई," ती निखारे सारखे करत म्हणाली. "त्याला मोठं व्हायचं व्हतं. तुमाला काय पायजेल व्हतं, सर?"

मी खरं तेच सांगितलं. "त्या सगळ्या देशांत फसलं, इथलं हे एवढं एक तरी फसू नये असं वाटत होतं."

"मग मला काडून ते टिकलं का?"

तेवढ्यात एक बस येऊन थांबली आणि पोराबाळांसह माणसं उतरली. मावशी त्यांच्याकडे वळली. गिऱ्हाइकांना टेकायला जागा नव्हती, म्हणून मी स्टुलावरून उठलो. तिने वर पाहिलं नाही.