कुसुनोकीच्या बागेतलं कलम

सौदीतल्या अल खफजीच्या वाळूत संत्र्याचं झाड जगवायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो, नाही तर कोकणी. आमचा उस्मान दोन्ही. मूळचा हर्णैचा, तेल कंपनीच्या मेसमध्ये सव्वीस वर्षं भात शिजवतोय.

झाड दिलं कुसुनोकी नावाच्या जपानी इंजिनिअरनं. त्याचं गाव समुद्राकाठचं, अख्खा डोंगर संत्र्यांचा. बापजाद्यांनी दगडी बांध घालून केलेली बाग, आणि खाली समुद्र. फोटो बघताना उस्मानला आपलंच गाव वाटायचं. आंब्याच्या जागी संत्री, एवढाच काय तो फरक. निवृत्त होऊन जाताना साहेबानं रीतसर कागद करून बापाच्या बागेतलं एक कलम मागवलं आणि उस्मानच्या हवाली केलं. बजावलं मात्र, पहिली चार वर्षं येतील ती सगळी फुलं खुडायची; कोवळ्या झाडाला फळांचं ओझं झेपत नाही.

फुलं खुडायची म्हणे! हर्णैत मोहराला हात लावला असता, तर बापानं सोलून काढलं असतं. तरी दोन वर्षं उस्माननं जीव घट्ट करून खुडली. एसीचं पाणी बादलीत धरून घातलं, वर हिरवी जाळी बांधली. तिकडे कुसुनोकीच्या गावात तरुण माणूस उरला नव्हता, आणि सत्तरीला टेकलेल्या साहेबाला डोंगर चढवेना. जानेवारीत त्याचा निरोप आला, की बाग तोडली. बापाचं आता एकच झाड उरलंय, तुझ्याकडचं.

मार्चमध्ये पुन्हा फुलं आली. त्याच आठवड्यात कफीलनं, म्हणजे तिकडच्या मालकानं सांगितलं, डिसेंबरनंतर इकामा, राहायचा परवाना, वाढणार नाही, खलास. यंदा खुडली तर फळ कधी बघणार? उस्मानची मतीच फिरली. म्हाताऱ्याला पिकल्या फळांचा फोटो पाठवू, खूश होईल बिचारा, असं त्यानं मनाशी धरलं. साहेबानं फोनवर विचारलं, फुलं खुडलीस ना? हा बेधडक म्हणाला, खुडली.

झाड फळांनी भरलं. जुलैच्या झळांत पानं गळाली, फळं सुपारीएवढी राहून काळी पडली. उस्माननं घाईघाईनं ती खुडली, पाणी वाढवलं. हर्णैहून बायको खैरुन्निसा रोज दुवा मागत होती. ऑगस्टमध्ये त्यानं एक फांदी मोडून पाहिली. आत नुसती वाळकी काडी. साठीला आलेला माणूस, आळ्यापाशी बसून रडला. आपल्या हातानं मारलं हो त्यानं!

दोनच दिवसांनी साहेबाचा मेसेज आला. दवाखान्यात आहे, झाड बघायचंय. खरं सांगायची उस्मानची छाती होईना. जुन्या फोटोंतला सगळ्यात देखणा त्यानं निवडला, पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या झाडाचा, आणि पाठवून दिला.

साहेबाचं उत्तर आलं.

"ऑगस्टमध्ये फुलं नसतात, उस्मान. कधी गेलं?"