आवडलेल्या ढिगाला नावं ठेवणारा खेमराज

आमगावात धान घेणारे पुष्कळ, पण ढिगाला नावं ठेवावीत तर खेमराजनंच. ढीग पसंत पडला की त्याचं तोंड आंबट व्हायचं. मूठभर धान घ्यायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचा आणि म्हणायचा, "ओला हाय बाप्पा. कचराही हाय. कोण घेईन हा?" शेतकरीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. खेमराजभाऊ तोंड वाकडं करून राहिले म्हणजे माल घेतल्याशिवाय हलत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. "नीट पाहा ना भाऊ!" असा त्यानं आग्रह करायचा, मग चहा यायचा, मग सौदा. खरोखर टाकाऊ ढिगाची मात्र खेमराज तोंडभरून तारीफ करायचा आणि मोटरसायकलला किक मारून निघून जायचा.

एवढी वर्षं हा धंदा केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. बायकोनं, प्रेमिलानं, चांगली भाजी केली की हा "मीठ कमी हाय" म्हणत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. प्रेमिला हे समजून होती. मुलगी खुशी समजून नव्हती. बारावीत ती तालुक्यात पहिली आली, तेव्हा पेढ्याचा पुडा हातात धरून हा म्हणाला, "तालुका तो केवढा!" पोरगी पेढा न खाताच आत गेली. खेमराजला वाटलं, पोट बिघडलं असेल. असा हा हुशार माणूस!

बापाच्या आजारपणात सुटलेलं कॉलेज पुरं करायची लहर त्याला चाळिशी उलटल्यावर आली. खुशीनं गोंदियाच्या ज्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, तिथंच यानं बी.ए.ला घातलं. गाडीत ती एका डब्यात, हा दुसऱ्यात, अट तिचीच. पहिली दोन वर्षं यानं विषय कसे निवडले ते विचारू नका. इतिहास घेतला, कारण मोठ्या भावाची, केवळरामची, जुनी पुस्तकं माळ्यावर पडून होती. राज्यशास्त्र घेतलं, कारण तो तास झाला की दुपारची गाडी सापडायची. "काय शिकून राहिलो ते मलेच ठाऊक नाई," तो दुकानात हसत सांगायचा, "पण गाडी कधी चुकली नाई."

तिसऱ्या वर्षी पंचाईत झाली. आता वरच्या पातळीचे पेपर, आणि त्यातला एक अगदी दुसऱ्या शाखेतला घ्यायचा नियम. ठरवण्याआधी आठवडाभर कुठल्याही वर्गात बसून पाहायची मुभा होती. "म्हणजे नमुना पाहून सौदा!" खेमराज खूश झाला. तो मानसशास्त्राच्या वर्गात बसला, तर मॅडमनी सांगितलेले सगळे आजार आपल्याला आहेत असं वाटून घाबरून घरी आला. संख्याशास्त्रात त्याला अशी गाढ झोप लागली, की त्याच्या घोरण्यानं बाकीचा वर्ग जागा झाला.

मग तो प्राणिशास्त्राकडं गेला. पेपर होता पाणथळ जागांतल्या पक्ष्यांचा. नीतू मॅडमनी सारसाचा आवाज ऐकवला आणि खेमराजच्या अंगावर काटा आला. धानाच्या बांधीबांधीनं जन्म काढला, सारसाची जोडी कितीदा समोर उभी असायची, आणि हा बावळट ढिगाकडं पाहत बसायचा! उभ्या धानात ती घरटं कसं करतात, नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर कशी बसतात, मॅडम सांगत होत्या. तास संपला, पोरं गेली, हा आपला बसूनच.

रात्री जेवताना म्हणाला, "काय तो विषय! पाखरं पाहायची म्हणे." भात वाढून होईतो हेच पुन्हा दोनदा म्हणाला.

"म्हणजे घेता तुम्ही तो," प्रेमिला म्हणाली.

जागा मात्र मोजक्याच होत्या. पक्षी पाहायला न्यायच्या गाडीत मावतील तेवढ्याच. निवडीच्या दिवशी खेमराज रांगेत लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट केवळ आवडली म्हणून हवी होती. खुशी तिच्या पेपरासाठी शेजारच्या रांगेत होती.

"काका, एकच जागा उरली आहे. देऊ तुम्हाला?" नीतू मॅडमनी विचारलं.

छाती धडधडत होती, पण तोंड धंद्याचं. त्यानं ते आंबट केलं. "तसा बरा हाय मॅडम. पण पोकळ हाय. पाखरं पाहून का पोट भरते? अन् चिखल तुडवा तो वेगळाच." एवढं बोलून तो ऐटीत आग्रहाची वाट पाहू लागला.

मॅडमनी आयुष्यात कधी धान विकलं नव्हतं. "खरंय काका. आवड नसेल तर कशाला?" त्या म्हणाल्या आणि मागं उभ्या असलेल्या दुर्गेश्वरी नावाच्या पोरीला जागा देऊन टाकली.

हात दाखवून अवलक्षण! खेमराज जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. "वा रे शहाण्या," तो स्वतःशीच पुटपुटला, "आता घे चहा."

खुशी आली. "काऊन बसले असे?"

"काई नाई. बरं झालं, सुटलो. पाखरांचा विषय कोण घेईन..." आणि त्याची मान पुन्हा मॅडमच्या टेबलाकडं वळली.

खुशीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "बाबा! तुम्हाले पायजे होता तो!" तिनं त्याला हाताला धरून उठवलं. "चला. सांगा मॅडमले."

मॅडमच्या टेबलापुढं त्याला दरदरून घाम सुटला. तोंडातून "तसा..." एवढंच निघालं. खुशीनं दंडाला चिमटा काढला. "मॅडम, मले हा विषय पायजे," तो एका दमात म्हणाला. "लय आवडला मले. मगाशी खोटं बोललो."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! आता भरल्या हो जागा." मॅडमना वाईट वाटलं. "कुणी सोडली तर पहिली तुम्हाला देईन."

दोघं स्टेशनवर येऊन बाकावर बसले. गाडीला वेळ होता. खुशी म्हणाली, "मॅडमले तं सांगता आलं तुम्हाले." आणि मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसली.

याच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा त्याला तो पेढ्याचा पुडा आठवला. इतकी वर्षं पोरीपुढं तोंड आंबट करून बसलो आणि ही बिचारी ते खरं मानत आली!

"तू तशी बरी..." त्यानं सुरुवात केली आणि जीभ चावली. "नाई. बरी नाई. तू लय चांगली हायस, खुशी. तुह्यासारखी पोरगी माह्या घरात आली, याचा मले लय अभिमान वाटते."

खुशीनं ओढणी डोळ्यांना लावली. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं, या खेपेला एवढ्या मोठ्यानं, की फलाटावरची माणसं वळून पाहू लागली.