लाकडी जमिनीतले दोन खळगे

आधीच सांगून टाकतो — मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं... असल्या गोष्टींची मी वर्गात यथेच्छ खिल्ली उडवायचो. त्यामुळे हे वाचून कुणी माझी उडवली, तर तक्रार नाही!

साल १९७४. सोलापुरात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढची खोली दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी. त्याच फरशीवर माझे वडील — अण्णा — घसरून पडले. पायाचं मोडलेलं हाड जुळलं, पण अण्णा खाटेवरून पाय खाली टेकवेनात. "फरशी गार लागती. पायाला जमीनच कळंना," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चालले नाहीत तर कायमचे खाटेवर. मी हादरलोच.

अण्णांनी सारा जन्म गिरणीत माग चालवला होता — अनवाणी, लाकडी ठोकळ्यांच्या जमिनीवर. नेमकी तेव्हा गिरणीची ती जुनी शेड पाडत होते आणि ठोकळे जळणाच्या भावात निघाले होते. मी दोन बैलगाड्या भरून आणले. विटेएवढे सागवानी ठोकळे, खालून डांबर लागलेले. ठरवलं, अण्णांना हीच जमीन द्यायची, आणि स्वतःच्या हातांनी बसवायची!

अण्णांची खाट आतल्या खोलीच्या दारात सरकवली. मी आणि माझी बायको शालन आठ दिवस डांबर खरवडत होतो. "मास्तर, खडूच बरा होता की!" ती चिडवायची. खाटेवरून अण्णांचं वेगळंच — "आरं, एवढं घट्ट नगं ठोकू. लाकडाला फुगाय जागा ठेव की!" मी ऐकतो कसला? मधे सुई जाणार नाही असे ठोकळे बसवले. शनिवारी शालनने सवयीप्रमाणे बादल्या ओतून खोली धुतली... आणि सकाळी बघतो तर जमीन मधोमध टम्म पुरीसारखी वर आलेली! अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच. मलाही इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सगळे ठोकळे उपसले, वाळवले, ढिगातून हाताला येतील तसे पुन्हा बसवले. या वेळी भिंतीच्या कडेने बोटभर जागा सोडली. वरून रंधा मारला आणि काचेची गोटी ठेवून पाहिली. खोलीत कुठेही ठेवा, गोटी जागची हलत नव्हती. हे मी स्वतः चार वेळा तपासलंय.

पुढच्या रविवारी दुपारी शालन म्हणाली, "मामंजी, पाय लावून तरी बघा." अण्णांनी पाऊल टेकवलं. क्षणभर थांबले... आणि माझा हात झिडकारून उभे राहिले! खिडकीपर्यंत पाच पावलं गेले, थबकले, पाय जरासे इकडेतिकडे सरकवले — आणि चेहरा असा उजळला त्यांचा!

"हितं," म्हणाले. "ही माजी जागा हाय. डावा पाय जरा पुढं. हितंच हुबा ऱ्हायचो की मी!"

ते बाजूला झाल्यावर मी वाकून पाहिलं. लाकडात दोन उथळ खळगे होते. पावलांच्या आकाराचे, डावा जरा पुढे, सात-आठ ठोकळ्यांचे सांधे ओलांडून गेलेले. मी गोटी ठेवली. ती घरंगळत डाव्या खळग्यात जाऊन थांबली.

"मास्तर, सांगा आता गणित," शालन हळूच म्हणाली.

लाकूड फुगतं, आक्रसतं, मान्य. पण दोनदा उलटसुलट झालेल्या, रंधा मारलेल्या ठोकळ्यांत अण्णांचीच पावलं कशी उमटली?

अण्णा पुढे नऊ वर्षं हिंडले-फिरले. सकाळचा चहा तिथेच उभं राहून प्यायचे. जमिनीला मी नंतर दोनदा रंधा मारला, तेवढी जागा सोडून.

आता तिथे चहा घेऊन मी उभा राहतो. माझी पावलं त्या खळग्यांत नीट बसत नाहीत. उत्तरही अजून सापडलेलं नाही... पण पायाला जमीन कळते.