गेटपर्यंतची गाडी

आई पर्स घेऊन बसायची. आंघोळ, पूजा, चहा उरकला की चांगला ड्रेस घालून हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी कडेला, पर्स मांडीवर. जायचं कुठेच नसायचं. मी ऑफिसला निघालो की विचारायची, "मला कुठे सोडतोस का?"

"कुठे जायचंय?"

"ते निघाल्यावर बघू."

अशा उत्तरावर माणसाने काय बोलावं? मी चिडायचो, दार जरा जोरात लावायचो आणि वेस्ट बेच्या ऑफिसात पोचेपर्यंत त्या चिडण्याचीच मला लाज वाटायची. संध्याकाळी घरी यावं तर पर्स तिथेच, सोफ्याच्या हातावर.

आम्ही कतारमध्ये, अबू हमूरला एका कंपाउंडमध्ये राहतो. सारख्या रंगाचे व्हिला, मधे गोल रस्ता, तोंडाशी गेट आणि आडवा दांडा. गेटबाहेर पडलं की गाडी लागते. दुधाची पिशवी आणायलासुद्धा लागते. उन्हाळ्यात तर पायी चालण्याची गोष्टच नको. आणि माझी आई जन्मात कुणाच्या गाडीची वाट बघत बसलेली नव्हती. नाशिकला बाबा होते तेव्हाही गाडी तीच चालवायची, बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे. भाजी, बँक, कुणाचं बारसं, जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपचं उद्घाटन, सगळीकडे बाई स्वतःच्या गाडीने हजर. पायाला भिंगरी म्हणतात ती तिच्या पायाला जन्मापासून होती.

बाबा गेल्यावर मी तिला इथे आणलं. थोडे दिवस राहा म्हणालो. मनात होतं की कायमचं राहावं. गंगापूर रोडचा फ्लॅट तिने एकटीने उघडायचा आणि एकटीने बंद करायचा, हे मला सहन होत नव्हतं. तिला माझं मन कळत होतं आणि मला तिचं. त्यामुळे आम्ही त्यावर अजिबात बोलत नव्हतो. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एका खोलीत बसलात की एसी चालू असूनही गुदमरतं.

आईने अख्खी नोकरी सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात घालवली. मुलाने कानशीने घासलेला लोखंडाचा तुकडा ती गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लावून उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत. हे घरीही चालायचं. माझ्या शर्टाची घडी, बायकोने लावलेला पडद्याचा रॉड, शेजारच्यांचा दरवाजा, सगळ्याला तिच्या डोळ्यातला गुण्या लागायचा. रॉड तर तिने आल्याच्या आठवड्यात उतरवून सरळ केला. मग करायला काही उरलं नाही, आणि पर्स सुरू झाली.

तेव्हा मला ती गाडी सापडली. इंग्लंडमधली एक छोटी कंपनी गाडी सुट्या भागांत पाठवते, घरी बसून जोडायची. दोन सीटची, उघडी, नाकाने लांबट. मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने चष्मा पुसला आणि एकेक फोटो मोठा करून बघितला.

"वेल्डिंग कोण करणार?"

"चॅसी करूनच येते."

"मग आपण काय करायचं?"

"जोडायचं फक्त."

"फक्त नाही रे. फिटिंग म्हणतात त्याला." लॅपटॉप माझ्याकडे परत ढकलत ती म्हणाली, "ही गाडी पुरी होऊ दे. पुरी झाली की मी सांगेन, राहते की जाते. तोवर मला विचारायचं नाही."

मी तत्काळ हो म्हणालो. गाडी म्हणजे निदान वर्षभराची निश्चिंती, असा माझा हिशोब.

ऑर्डर आम्ही जेवणाच्या टेबलावर दिली. ती मेथी निवडत होती, मी एकेक प्रश्न वाचून दाखवत होतो. रंग? "लाल नको, भडक दिसतो." सीट कापडाची की रेक्झिनची? "कापडाची, उन्हात भाजायला नको." स्टिअरिंग कुठल्या बाजूला? "उजव्या," ती म्हणाली, मेथीवरून नजरसुद्धा न उचलता. मी बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

दसऱ्याच्या सुमारास खोकी आली. खंडेनवमीला तिने व्हिलाशेजारच्या गाडीच्या शेडमध्ये पाट मांडला, त्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडी, नवा टॉर्क पाना ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती. शेजारचा इजिप्शियन इंजिनीयर कडेवरच्या मुलीला घेऊन बघत उभा राहिला, त्याला तिने पेढा दिला. दुसऱ्या दिवसापासून पर्स कपाटात गेली.

मला वाटलं होतं शुक्रवार-शनिवार थोडंथोडं काम होईल. पण मी ऑफिसात असताना ही बाई एकटी शेडमध्ये. संध्याकाळी यावं तर पुढचं सस्पेन्शन बसलेलं. तिची एक पद्धत होती. नट पूर्ण आवळला की त्यावर आणि खालच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते, लांबूनही कळतं. नेलपॉलिश बायकोचं. रेघ ओढून झाली की म्हणायची, "खलास." इथल्या बोलण्यातले तिने दोनच शब्द उचलले होते, यल्ला, म्हणजे चल, मला उठवायला आणि खलास नटाला. काही आठवड्यांत गाडीभर गुलाबी रेघा झाल्या, आणि संध्याकाळी आलो की मी आधी नव्या रेघा मोजायचो.

कारण ती जोडत होती जाण्यासाठी आणि मी जोडत होतो तिने राहावं म्हणून. एकाच पान्याला दोन्हीकडून हात घातल्यासारखं चाललं होतं. शुक्रवारी सकाळी मी म्हणायचो, आज समुद्रावर जाऊ, हवा छान आहे. ती म्हणायची, समुद्र कुठे पळून जातोय? मला मीटिंगमध्ये तिचा फोन यायचा, "ब्रेकच्या पाइपचं काय झालं?" मी कुजबुजत सांगायचो, संध्याकाळी बघतो. "संध्याकाळी नाही, येताना इंडस्ट्रियल एरियातून घेऊनच ये." माझं कशात लक्ष लागेना. घरी असलो की शेडमध्ये काय चाललंय याची धाकधूक, शेडमध्ये असलो की गाडी किती झाली याची. स्टिअरिंगचा रॅक बसला, स्टिअरिंग बसलं, पेडलं बसली. आईने मला गाडीखाली झोपवून बोल्ट धरायला लावले आणि वरून विद्यार्थ्याला ओरडावं तशी ओरडली.

एका शनिवारी बायको चहा घेऊन शेडमध्ये आली. तोवर चाकं लागली होती, सीट बसल्या होत्या, गाडी गाडीसारखी दिसायला लागली होती. "मी बसून बघू?" म्हणत ती डावीकडून आत शिरली, दोन्ही हात पुढे केले आणि तशीच थांबली.

"अरे, स्टिअरिंग तिकडे कसं?"

"तिकडे म्हणजे?" आई म्हणाली. "स्टिअरिंग तिकडेच असतं."

मीही हो म्हणून मान हलवली. मान हलवून झाल्यावर मला घाम फुटला.

आईचं सोडा, ती नाशिकची. पण मी? इतकी वर्षं मी या गावात रोज सकाळी डाव्या दाराने आत शिरतोय, डावीकडे बसून गाडी चालवतोय. इथे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला नंबर मिळत नाही हे मला पाठ आहे. तरी ऑर्डर देताना नाही, रॅक बसवताना नाही, पेडलांखाली उताणा पडून बोल्ट धरतानाही माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही दोघं माय-लेक कतारमध्ये बसून, एवढ्या बारकाईने, नाशिकची गाडी जोडत होतो. बायको सीटमध्येच हसत सुटली. मला हसू येईना.

आणि मग एकदम मला बरं वाटलं.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "डावीकडचे भाग मागवू. रॅक, पेडलं, डॅश, सगळं उतरवून उलटं करू. लागू देत पाच-सहा महिने."

आईने चहाचा कप खाली ठेवला. "तुला आनंद झालाय."

"छे."

"झालाय. आवाजावरून कळतंय."

ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली, एका रेघेवर बोट फिरवलं. "वर्गात कुणी जॉबचा तुकडा चुकीच्या बाजूने कापला तर मी तो फेकायला लावायची आणि नवा तुकडा द्यायची. पहिल्यापासून कर म्हणायची."

"तेच म्हणतोय मी."

"पण हा चुकून नाही झालेला. तू आज परत विचारलंस तरी मी उजवी बाजूच सांगेन. तूसुद्धा तेच बटण दाबशील. काही उतरवायचं नाही."

"आई, मग ही गाडी रस्त्यावर येणार नाही. कधीच नाही."

"नको येऊ दे."

मी पाना कामाच्या टेबलावर आपटला आणि आत निघून गेलो. पुढचे दोन-तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. घरी जोडलेल्या गाडीला नंबर मिळवणं तसंही सोपं नव्हतं, पण मी विचारपूस करत होतो, कुणाकुणाला भेटत होतो. मनात एक चित्र होतं: आई शेजारी बसलीय, मी तिला समुद्रकाठच्या कॉर्निशवरून फिरवतोय, तिच्या ओढणीला वारा लागतोय. त्या चित्रात गाडी मी चालवत होतो, हे मला तेव्हा खटकलंही नाही.

बाकीचं काम तिने माझ्याशिवाय सुरू केलं आणि शेवटी मलाच राहवेना म्हणून मी परत गेलो. वायरिंग आम्ही मिळून केलं. तिला बारीक रंग दिसेनात, मला जोड जमेनात, त्यामुळे भांडण्याला भरपूर वाव होता.

थंडीतल्या एका शुक्रवारी सकाळी गाडी सुरू झाली. कंपाउंडच्या मॅनेजरने आतल्या आत, सावकाश, एवढ्या अटीवर परवानगी दिली होती. आईने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. त्या सकाळी कपाटातून पर्सही बाहेर आली होती.

मी सवयीने डाव्या दाराकडे गेलो, आत बसलो आणि माझ्यापुढे काहीच नव्हतं. तोवर ती उजवीकडे बसली होती. खालचा दांडा ओढून सीट पुढे सरकवली, आरसा आपल्याकडे वळवला, पट्टा लावला.

"ही धर," म्हणून तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

लिंबं फुटली आणि आम्ही निघालो. तिचा डावा हात न बघता गिअरवर गेला. पहिला, दुसरा. स्पीडब्रेकरवर गाडी तिने अशी अलगद उतरवली की माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. कोपऱ्यावर हॉर्न वाजवला. इथे असा कुणी वाजवत नाही. समोरच्या व्हिलातल्या बाईने खिडकी उघडून बघितलं. आई एका वाकड्या लावलेल्या गाडीवर पुटपुटली, "ही काय लावायची पद्धत झाली." मी रस्ता बघतच नव्हतो. मी तिच्याकडे बघत होतो. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. आल्यापासून इथे एकदाही दिसला नव्हता, आणि दिसला नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गोल संपवून ती गेटकडे वळली. गाडी आली की दांडा वर करायचा ही गार्डची सवय, त्याने दांडा वर केला. पुढे मोठा रस्ता. लँड क्रूझर एकामागून एक सुसाट चालल्या होत्या, आपल्याला उलट्या वाटणाऱ्या बाजूने. आईने ब्रेक दाबला. इंजिन चालू, दांडा वर, आणि आम्ही दोघं पुढे बघत.

"नाशिकला माझी गाडी उभी आहे," ती म्हणाली. "बॅटरी उतरली असेल."

मला कळलं. तरी मी म्हणालो, "मला तू इथे हवी आहेस."

"माहितीये रे. म्हणून तर एवढी गाडी मागवलीस." तिने स्टिअरिंगवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला, पर्सच्या वर. तळव्याला ग्रीसचा वास होता. "पण मला सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं. कुणी सोडायला नको असतं."

मला रडू आलं, आणि गार्ड बघत होता म्हणून आणखीच आलं. गार्डने हाक मारली, "मॅडम, जाना है?"

"नहीं भैया. खलास." तिने रिव्हर्स टाकला, मान वळवून मागे बघितलं आणि गाडी एका दमात सरळ मागे घेतली. शेडमध्ये लावून इंजिन बंद केल्यावर म्हणाली, "तिकीट काढ." मी त्याच दिवशी काढलं.

आता फोन करावा तर ती घरात सापडत नाही. कधी भाजीला निघालेली असते, कधी कुणाच्या वर्कशॉपमध्ये. "थांब, गाडी बाजूला घेते," म्हणते, आणि मी इथे ऑफिसात तिकडचे हॉर्न ऐकत थांबतो. मग दोन मिनिटं बोलते आणि हमखास विचारते, "फिरवतोस ना रे ती? नुसती उभी ठेवू नकोस."

फिरवतो. शुक्रवारी सकाळी उजवीकडे बसतो, एक गोल मारतो, गेटपर्यंत जातो आणि मागे येतो. गार्ड आता दांडा वर करत नाही. सीट तिने पुढे ओढलेली होती तिथेच आहे. माझे गुडघे डॅशला लागतात, क्लच दाबताना पाय अडकतो. सीट मागे घ्यायला खालचा दांडा एकदा ओढला की पुरे. मी अजून ओढलेला नाही.