संमतीपत्रावरचा अंगठा

नोकरीत हजारो कागद हाताखालून गेले. त्यातला एक अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

बदलापूर पोलीस ठाण्यात पोस्टिंग होतं. शिरगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक मोठी दगडखाण होती. तिचा एजंट तक्रार घेऊन आला, की शेजारच्या शेताची मालकीण पोकलेनसमोर बसून काम अडवते. त्याने नोटरी केलेलं संमतीपत्र पुढे केलं. खाली निशाणी डावा अंगठा.

"साहेब, म्हातारीने राजीखुशीने जमीन दिलीय. आता नाटक करते."

माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, तसा तिच्यावरही नव्हता. जमिनीचा भाव चढला की शब्द फिरवणारे मी पुष्कळ पाहिले होते. तिला नोटीस काढून ठाण्यात बोलावलं. सत्तरीची विधवा, बौद्धवाडीत राहणारी. एकरभर भातशेती, तेवढाच आधार.

"मी कुनाला काय लिहून दिलं नाय," एवढंच ती म्हणाली.

नोटिशीच्या पोचेसाठी मी शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं.

"ह्ये कशाला? पेन द्या."

तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, वर रेघ ओढली. "आमी बौद्ध झालो त्या वर्षी बापानं घरातल्या सगल्यांना नाव लिहायला शिकवलं. तवापासून कागदावर अंगठा नाय दिला."

म्हणजे कागद बनावट. माझा संशय थेट तिच्या पुतण्यावर गेला, कारण तो त्याच खाणीवर डंपर चालवायचा. चौकशीला बसवला. तो म्हणाला, "साहेब, माझ्या प्रगतीपुस्तकावर काकीचीच सही असायची. मला फसवायचं असतं तर तिची सही मारली असती. अंगठा कशाला लावू?"

"चोर असला तरी डोकं आहे साहेब," हवालदार म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. हे काम तिला न ओळखणाऱ्याचं. एजंटला परत बोलावलं.

"बाईने सही का नाही केली?"

"वस्तीतली म्हातारी ती. सही कुठून येणार तिला?"

"अंगठा तुमच्यासमोर दिला?"

"एकदम समोर. अंबरनाथ पूर्वेला, माझ्या ऑफिसात."

मी पोच त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोनदा वाचली आणि पाणी मागितलं. पुढे ठसेतज्ज्ञांचा अहवाल आला. अंगठा त्याचा स्वतःचाच होता.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझी आई अंगठा लावायची. तरी लिहिता येतं का हे न विचारता पॅड मीच पुढे केलं होतं. एजंटची आणि माझी समजूत एकच होती. संशय घेणं हा आमचा धंदा, पण स्वतःच्या समजुतीवर मी तो कधी घेतला नव्हता.

जमीन तिच्या नावावर राहिली. बदली होण्याआधी तिकडे गेलो, तेव्हा खाण तीन बाजूंनी तिच्या बांधाला येऊन भिडली होती. सुरुंगाच्या हादऱ्याने तिच्या विहिरीला तडा गेला होता.

"याची केस होते का, साहेब?"

खाणीकडे परवाना होता, सगळे शिक्के खरे होते. तहसीलदारांकडे अर्ज करा, म्हणालो. खोटा कागद मी पकडला होता. खऱ्या कागदापुढे माझ्याकडे कलम नव्हतं.