पाहून राहिलो

आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीवर अन्याय झाला तो त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, माझ्या टेबलापुढे. लेखणी माझ्या हातात होती.

कारखाना अमरावतीचा. आधी संत्र्याच्या पेट्या करायचा. चीनच्या लढाईनंतर लष्कराच्या गोळ्यांच्या पेट्यांचं काम मिळालं आणि फाटकावर पहारेकरी आला. पेटीच्या नकाशावर ‘गोपनीय’ असा शिक्का आला, त्यासाठी कुलपाचं कपाट आलं, आणि हे सगळं सांभाळायला मी आलो. तोवर मी चळवळीची पत्रकं लिहीत होतो, भिंतींवर घोषणा रंगवत होतो. मालकाला वाटलं, पोरगं लिहितं बरं.

कामगारांचे पास मीच केले. छप्पन सालानंतर पहिल्यांदा सरकारी कागदावर मिस्त्रीच्या नावापुढे ‘बौद्ध’ लागलं, ते माझ्याच अक्षरात. पास तो खिशात नाही, गळ्यात घालायचा. मी हसलो तर म्हणाला, “हास बाबू. तुले कागदाची सवय हाय, मले नाई.”

नियम असा की नकाशा घेताना आणि परत करताना वहीत वेळ लिहायची. त्या शनिवारी मिस्त्रीनं पाच वाजता नकाशा माझ्या हातात दिला. मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि वेळ लिहायची विसरलो.

सोमवारी तपासणीचे साहेब आले. पुण्याकडचे, बसायचे अकोल्याला. रिकामा रकाना दिसताच त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मला म्हणाले, तो बोलेल तसंच लिहा, एक अक्षर बदलू नका. मला ते आवडलंच. गरिबाचं बोलणं जसंच्या तसं कागदावर यावं, हेच तर मी पत्रकांत लिहीत होतो.

“शनिवारी नकाशा घेऊन काय करत होता?”

“मी नकाशा पाहून राहिलो होतो, साहेब. कोपऱ्याचं माप जुळून नव्हतं राहिलं.”

लिहिलं. वाचून दाखवलं. मिस्त्रीनं सही केली. माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही.

आठवड्यानं हुकूम आला. ‘नकाशा पाहून कारखान्यात मागे राहिल्याची कबुली.’ पास रद्द. माझ्या रकान्याबद्दल एवढंच : कारकुनाची नजरचूक. चूक माझी, आणि कबुली त्याची!

मी पहिल्या एस.टी.नं अकोल्याला गेलो. नकाशा पाचला माझ्याच हातात आला होता, हे सांगितलं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. “राहिलो, असं तुम्हीच लिहिलंय.”

“साहेब, मी आता तुमच्याशी बोलून राहिलो. म्हणजे काय तुमच्या घरी मुक्कामाला आलो? आमच्याकडे पाहून राहिलो म्हणजे पाहत होतो.”

ते हसले. मनापासून हसले, हे सांगायला हवं. मग म्हणाले, “नवा जबाब आणा. शुद्ध मराठीत. पाहू.”

तो मी तिथंच लिहून काढला आणि संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी गेलो. त्यानं सावकाश वाचला.

“हे मी बोललो काय?”

“अर्थ तोच आहे, मिस्त्री. सही करा, पास मिळेल.”

“मंग पयलं खोटं होतं काय? आता बदललं त म्हणतीन, पाहा, पलटला. मी काहून पलटू? साहेबाले समजलं नाई, त साहेबानं इचारावं.”

मी चिडलो. मूर्खपणा आहे म्हणालो. त्यानं मला चहा दिला आणि कागद परत दिला.

आता तो परतवाड्याला लाकडाच्या वखारीत आहे. नंतर मी तीन अर्ज केले, तिन्हींत माझी चूक कबूल केली. उत्तर एकच : जबाब बदललेला नाही. त्याच्या दारात मीही शुद्ध कागदच घेऊन गेलो होतो, हे मला फार उशिरा कळलं. साहेबांना ‘त्याला विचारा’ म्हणायचं सोडून मी त्यालाच ‘जबाब बदला’ म्हणालो.

वाचणाऱ्या, तू कचेरीत बसत असशील, तर तुझ्या टेबलावरही कोणाचा तरी जबाब असेल. तो उघड. त्या माणसाला बोलाव, खुर्ची दे, आणि सही करण्याआधी विचार : भाऊ, याचा अर्थ काय? आणि आमची फाइल तुझ्याकडे आली असेल, तर तो ‘कबुली’ शब्द खोड. आजच.